बंद न केलेल्या पाच पिशव्या

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी गांजा हाताळला. कायदेशीर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा, पोलादी दाराच्या खोलीत ठेवलेला. तरीही हे वाक्य मराठीत लिहिताना हात जरा अडखळतोच. इथे लंडनजवळ वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीनंतर कोणी विचारलं, "अरविंदराव, सध्या काय करता?" तर मी "फार्मास्युटिकल्स" म्हणून मोकळा व्हायचो. माझी पत्नी सुधा मात्र प्रसादाचं ताट हातात घेऊन शांतपणे सांगायची, "गांजाच्या कंपनीत आहेत." मग चार जण हसायचे आणि पाचवा मला बाजूला घेऊन आपल्या गुडघेदुखीची हकिगत सांगायचा.

यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी स्त्रिया आणि नवे व्यवसाय या विषयावर लेख मागितला. "तुमच्या हाताखाली शिकलेली शर्वरी आता कार्डिफला किती पुढे गेली आहे! ती कशी घडली ते तुम्हीच लिहा," असं त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात शर्वरीचाही फोन आला. त्या फोनमुळे हा लेख त्यांनी मागितला होता तसा राहिलेला नाही. संपादकांनी तो छापायचं कबूल केलं, याबद्दल त्यांचे आभार.

आधी धंदा समजावून सांगतो. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात मी तीस वर्षं फार्मसिस्ट होतो. निवृत्त होऊन मुलीजवळ वॉटफर्डला आलो आणि चार महिन्यांत घरी बसून कंटाळलो. तेवढ्यात कायदा बदलला, तज्ज्ञ डॉक्टरांना गांजा औषध म्हणून लिहून देता येऊ लागला आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीला कडक नियंत्रणाखालच्या औषधांचे नियम माहीत असलेला म्हातारा हवा होता. माल परदेशातून यायचा. वाळवलेली फुलं, एकेक किलोच्या चकचकीत पिशव्यांत. आम्ही ती तपासायची, छोट्या डब्यांत भरायची आणि रुग्णांच्या घरी पाठवायची. हा माल मॉर्फीनच्या रांगेतला. त्यामुळे प्रत्येक ग्रॅमचा हिशेब लागतो आणि प्रत्येक वजनाला दोघांच्या सह्या लागतात.

वास कपड्यांत मुरतो. ट्रेनमध्ये माझ्या शेजारच्या बाई उठून दुसरीकडे बसायच्या. टाय लावलेल्या सत्तरीच्या माणसाकडून असा वास का यावा हे त्यांना कळत नसे आणि ते सांगायची मला सोय नसे.

रुग्ण मात्र एकेक नमुना. एका आजीबाईंनी पहिला डबा मिळाल्यावर फोन करून विचारलं, की हे घेतल्यावर मला ती मोठ्याने वाजणारी गाणी आवडायला लागतील का? मी म्हटलं, तसा परिणाम माहितीपत्रकात नोंदलेला नाही. त्या म्हणाल्या, "मग ठीक. नवऱ्याला घाबरवून ठेवलं होतं मी."

शर्वरी आली ती दुसऱ्या वर्षी. नागपूरची, फार्मसी शिकलेली, कंपनीने व्हिसा देऊन आणलेली. अठ्ठावीस वर्षांची. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे. त्यामुळे मीटिंगमध्ये मी "अरविंद" आणि चहाच्या खोलीत "अरविंदकाका". पहिलं वर्षभर मी तिला खरंच शिकवलं. नोंदवही कशी लिहायची, खाडाखोड का करायची नाही, इन्स्पेक्टर आला की विचारलं तेवढंच कसं बोलायचं. ती पटापट शिकत होती, मला अभिमान वाटत होता. तो कधी आंबला ते नेमकं सांगता येतं.

हॉब्स नावाचे एक निवृत्त बसचालक आमचे रुग्ण होते. हातपाय आखडायचे त्यांचे. त्यांनी तीनदा तक्रार केली, की डब्यातला माल भुसा झालेला असतो, उपयोग होत नाही. तिन्ही वेळा मी कागद काढून सांगितलं, की ही खेप तपासणीत उत्तीर्ण आहे. चौथा फोन शर्वरीने घेतला. तिने कागद काढलाच नाही. विचारलं, "मिस्टर हॉब्स, डबा उघडता कसा तुम्ही?" तर त्या गृहस्थांचे हात इतके थरथरायचे, की मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेलं आमचं झाकण त्यांनाही उघडत नसे. शेजारणीकडून ते महिन्यातून एकदा उघडून घ्यायचे आणि डबा तसाच उघडा ठेवायचे. उघडं राहिलं की फूल वाळतं, वजन घटतं, हातात चुरा होतो. शर्वरीने त्यांच्या डॉक्टरांशी बोलून वेगळं झाकण मिळवून दिलं. घरात लहान मूल नव्हतं, अडचण नव्हती.

पुढच्या सोमवारी आमचा डायरेक्टर ग्रॅहम सगळ्यांसमोर म्हणाला, "गेले वर्षभर आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारला नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. मला मात्र तसंच वाटलं.

त्यानंतर मी मोजायला लागलो. मीटिंगमध्ये ग्रॅहमने तिचं नाव किती वेळा घेतलं, माझं किती वेळा. तिच्या ईमेलमधल्या चुका मला दिसायला लागल्या. ती हसली तर मोठ्याने हसते असं वाटायचं आणि गप्प असली तर शिष्ट वाटायची. या धंद्यात तेव्हा वरच्या खुर्च्यांवर सगळे पुरुषच होते. दारूच्या, सिगारेटच्या कंपन्यांतून आलेले, बडबडे. माल तपासणाऱ्या, भरणाऱ्या, रुग्णांचं ऐकून घेणाऱ्या बहुतेक बायका. शर्वरीने मंगळवारी दुपारी जेवणाच्या वेळी या बायकांना एका टेबलाशी बसवायला सुरुवात केली. कोणाला कुठली परीक्षा द्यायची आहे, कोणाला कुठलं काम शिकायचं आहे, असं बोलणं चालायचं. बेआटा नावाची पोलिश बाई डबे भरायची. मला तीन वर्षं ती फक्त 'डबे भरणारी' म्हणून माहीत होती. तिच्याकडे पोलंडमधली केमिस्ट्रीची पदवी होती, हे शर्वरीला दुसऱ्याच मंगळवारी कळलं. सहा महिन्यांत बेआटा सुपरवायझर झाली.

मी घरी येऊन सुधाला सांगितलं, "जेवणाच्या टेबलावर काय युनियन काढली आहे या मुलीने!"

सुधा भाजी चिरत होती. "अहो, तुम्हाला तिचा हेवा वाटतोय."

"मला? त्या पोरीचा?"

"हो. आणि वाईट म्हणजे ती तुमच्याशी चांगली वागते."

तेव्हाच 'हो' म्हणालो असतो तर पुढचं टळलं असतं. मी टीव्ही लावला.

मग गुणवत्ता विभागाचं प्रमुखपद निघालं. मी अर्ज केला, तिनेही केला. सत्तरी जवळ आलेल्या माणसाला पद कशाला हवं, असं तुम्ही विचाराल. हॉस्पिटलातल्या तीस वर्षांत मला ते कधी मिळालं नव्हतं. प्रत्येक वेळी कोणीतरी वेगळा निवडला गेला आणि प्रत्येक वेळी मी त्याला चहा पाजून अभिनंदन केलं. इथे खोलीच्या कुलपापासून नोंदवहीच्या रकान्यांपर्यंत सगळं मी उभारलेलं होतं. हे तरी माझं, असं मी धरून चाललो होतो.

एका शुक्रवारी दुपारी तीन वाजता ग्रॅहमने जाहीर केलं, प्रमुख शर्वरी. सहा महिने उमेदवारी, मग कायम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेआटा तर रडली. शर्वरी सरळ माझ्यापाशी आली, वाकून नमस्कार करायला लागली. गोऱ्या लोकांसमोर मला कानकोंडं झालं. "अगं, हे काय," म्हणत मी मागे सरलो. "काका, तुमच्यामुळे," ती म्हणाली. मी म्हटलं, "छान. मला पिशव्या बंद करायच्या आहेत," आणि आत गेलो.

ते खोटं नव्हतं. त्या दिवशी नमुने काढण्यासाठी पाच पिशव्या उघडल्या होत्या. नमुना काढला की पिशवीचं तोंड यंत्राने तापवून चिकटवायचं, मगच खोलीतून बाहेर पडायचं. ही पद्धत मीच घालून दिलेली. यंत्र तापायला दहा मिनिटं लागतात. बाहेर केक कापत होते, हसण्याचा आवाज येत होता. मला तिथे दहा मिनिटं उभं राहवेना. मी पाचही तोंडं दुमडली, कागदाला लावायचे चिमटे लावले, 'बंद केल्या' असं लिहून सही केली आणि कोट घालून घरी गेलो. दुसरी सही करायला बेआटा होती. ती केकपाशी होती. मी वही तिच्यापुढे धरली, तिने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

त्या खोलीत हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र दिवसरात्र चालू असतं. सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो; किल्ल्या अजून माझ्याकडेच होत्या. तीन चिमटे जागेवर होते. दोन पिशव्यांचे निसटून पडले होते आणि तोंडं उघडी होती. मी यंत्र तापवलं, पाचही पिशव्या नीट चिकटवल्या, चिमटे खिशात टाकले.

बुधवारी शर्वरी आणि बेआटा डबे भरायला बसल्या. वजन साठेक ग्रॅमने कमी भरलं. पाच किलोत साठ ग्रॅम तुम्हाला किरकोळ वाटेल. किराणा दुकानात साखरेचे साठ ग्रॅम हरवले तर कोणी विचारत नाही, आमच्या धंद्यात याचे हरवले तर पहिला प्रश्न असतो, घरी कोणी नेले?

शर्वरीने चिमूटभर फूल बोटांत चोळलं. चुरा झाला. "काका, हे कोरडं लागतंय हो. हॉब्सकाकांच्या डब्यासारखं."

"हिवाळा आहे," मी म्हटलं. "हीटिंग चालू असतं."

ती पहिली थाप. यंदापर्यंत ती मी कोणाला सांगितली नव्हती.

दुसरी जास्त वाईट, कारण ती शहाण्याची थाप होती. कंपनीने बाहेरून चौकशीसाठी एक बाई आणल्या. कपाटं तपासली, पर्स तपासल्या. नव्याने प्रमुख झालेली शर्वरी, वजनावर सही तिची, खोलीच्या किल्ल्या तिच्याकडे. तिला घरी बसवलं. घरी बसण्याआधी ती म्हणाली होती, की फुलातल्या ओलाव्याची चाचणी करा, वाळलं असेल तर कळेल. ग्रॅहमने मला बोलावून विचारलं, "अरविंद, तू अनुभवी आहेस. याने काही सिद्ध होईल का?"

मी विचार केल्यासारखं केलं. मग म्हणालो, "वजन करताना पिशव्या बराच वेळ उघड्या होत्या. आता चाचणी करून अर्थ नाही."

हे अर्धं खरं होतं, म्हणून पटलं. माझं ते वाक्य अहवालात माझ्या नावानिशी आहे. चाचणी झाली नाही.

पाच आठवडे शर्वरी घरी होती. तीन मुलींबरोबर भाड्याने घेतलेल्या घरात एक खोली. नोकरी गेली तर व्हिसा गेला, मग नागपूर. आणि नागपूरला सांगणार काय, गांजाची चोरी? एक दिवस ती मला सुपरमार्केटात भेटली. टोपलीत फक्त ब्रेड आणि दूध. डोळे सुजलेले.

"काका, मी रात्रंदिवस आठवून बघतेय. कुठे स्टेप चुकली? तुम्हाला काही आठवलं तर सांगाल ना?"

"नक्की," मी म्हटलं. "जेवतेस ना नीट?"

शेवटी निष्कर्ष निघाला: चोरीचा पुरावा नाही, घट कशी झाली ते कळलेलं नाही, प्रमुखाचं नियंत्रण कमी पडलं. तिचं पद गेलं, नोकरी राहिली. पद मला मिळालं. चौदा महिने मी त्या खुर्चीवर बसलो. खरं सांगायचं तर पहिला महिना मला ती खुर्ची आवडली. दारावरची पाटी मी दोनदा पुसली. मंगळवारचं टेबल हळूहळू ओस पडलं. मी ते बंद केलं नाही, मी फक्त एकदा विचारलं, की हे जेवण किती वाजता संपतं. रुग्णांचे फोन पुन्हा कागद बघून घेतले जाऊ लागले. तीन महिन्यांत शर्वरी कार्डिफच्या एका हॉस्पिटलात निघून गेली, खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करायला. जाताना तिने सुधासाठी साडी आणली होती. सुधा ती नेसते तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जातो.

कार्डिफलाही ती वर चढलीच. कोणाची तरी चूक शोधून ती कधी वर गेली नाही, याचाच मला जास्त राग यायचा. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर तिचे फोटो यायचे, परिषदेत बोलताना, नव्या मुलींच्या घोळक्यात. मी ते मोठे करून बघायचो. थकलेली दिसते का, केस पांढरे झाले का. अपराधी वाटून घेणाऱ्या माणसाने असं बघू नये, हे मला कळतं. मी बघायचो. एका मुलाखतीत तिने सांगितलं, की या क्षेत्रातले माझे पहिले गुरू अरविंदकाका. सुधाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, चहा टाक.

आता यंदाचा तो फोन. कार्डिफजवळ नवी कंपनी निघते आहे आणि तिथल्या सगळ्या मालाची जबाबदारी शर्वरीवर येणार आहे. सरकारी परवान्यावर तिचं नाव लागणार. माझ्या माहितीत आपल्यातल्या कुठल्या बाईचं असं नाव अजून लागलेलं नाही. पण अर्जात एक प्रश्न असतो, तुमची कधी चौकशी झाली होती का? दरवेळी ती 'हो' लिहिते, आणि दरवेळी तिथेच काम अडतं.

"काका, यावेळी ते एखाद्या विटनेसशी बोलायचं म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही सगळं पाहिलंय. तुम्ही सांगाल ना, काय झालं होतं ते?"

मी म्हटलं, "उद्या फोन करतो." रात्रभर झोपलो नाही वगैरे लिहिणार नाही, मी झोपलो. सकाळी सुधाला आधी सांगितलं, पिशव्यांपासून साडीपर्यंत सगळं. तिने उठून फोन आणून माझ्यापुढे ठेवला. "माझ्यासमोर करा," म्हणाली.

मी केला. शर्वरीने मध्ये एकदाच विचारलं, "दोन पिशव्यांची तोंडं उघडी? पूर्ण?" मी हो म्हटलं.

"सुपरमार्केटात भेटलो होतो आपण," ती म्हणाली. "तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी आईला रोज सांगायची, काळजी नको करू, इथे एक काका आहेत म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "काहून केलं हो तुम्ही असं?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "नको. मला नका सांगू. मला तुमची सॉरी पण नको आणि रेफरन्स पण नको. कंपनीला लेखी द्या. रेकॉर्डवर आलं पाहिजे." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

काही चुकलं की भरायचा आमच्याकडे एक फॉर्म असतो. काय झालं, कधी झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय उपाय केला. जुन्या कंपनीत आता गुणवत्ता प्रमुख बेआटा आहे. तिला मी सगळं कळवलं. तिने बंद झालेली चौकशी पुन्हा उघडली आणि मला फॉर्म पाठवला. मी दोन दिवस बसून भरला. शुक्रवार, चिमटे, सोमवार, दोन्ही थापा, सगळं. तिने माझ्यावर विश्वास ठेवून केलेली सहीही लिहिली. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मानवी चूक.'

दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. बेआटाचा शेरा होता: "मानवी चूक हे मूळ कारण म्हणून आम्ही स्वीकारत नाही. तुम्हाला पद्धत माहीत होती, यंत्र चालू स्थितीत होतं, वेळही होता. मग का?"

मी लिहिलं, 'मन विचलित होतं.' परत आला. "कशामुळे?"

'प्रकृती ठीक नव्हती,' असं लिहून खोडलं. खाडाखोड चालत नाही म्हणून नवा फॉर्म घेतला. सुधा समोर बसून शेंगा सोलत होती, मान वर न करता. शेवटी इंग्रजीत लिहिलं, त्याचं मराठी असं: 'ते पद मला हवं होतं. तिला मिळालं. मला ते सहन झालं नाही. अजूनही पूर्ण होत नाही.'

त्याखालचा रकाना, पुन्हा होऊ नये म्हणून काय उपाय केला, मी कोरा ठेवला. काय लिहिणार? आता परवान्यावर तिचं नाव लागेल, अंकात फोटो येईल, आणि तो मी पुन्हा मोठा करून बघेन हे मला ठाऊक आहे.

गेल्या सोमवारी पूर्ण झालेल्या फॉर्मची प्रत आली. एक सरकारी कचेरीला गेली, एक शर्वरीला. घट कशी झाली याचं कारण नोंदलं गेलं होतं आणि शर्वरीच्या नावापुढचा ठपका रद्द झाला होता. माझा कोरा रकाना बेआटाने स्वतःच्या अक्षरात भरला होता.

'संबंधित कर्मचारी निवृत्त झाला आहे.'